‘कोलाप्स’ : पडझडीचे साधन

आइनश्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन, अर्थात ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. पश्चिम बर्लिनमधील काँग्रेसहॉलचे छत कोसळले, त्यावरून या बँडने हे नाव घेतले, अशी आख्यायिका आहे. कालक्रम तिला साथ देत नाही. छत कोसळले २१ मे १९८० रोजी. बँडचा पहिला कार्यक्रम मात्र १ एप्रिललाच झाला होता.

नावाचा रोख एका इमारतीवर नव्हे, तर युद्धोत्तर काळात घाईने उभ्या राहिलेल्या साऱ्या बांधकामावर होता, असे मानणे अधिक सयुक्तिक. भिंतीने वेढलेल्या त्या शहरात पैसा नव्हता. भंगार विपुल होते. एन. यू. उनरूने ड्रमसेट विकला आणि पत्रे, नळ्या, स्प्रिंगा बडवायला घेतल्या. १९८१ चा पहिला अल्बम ‘कोलाप्स’ या आवाजांतूनच घडला. त्याला निव्वळ गोंगाट ठरवणारे समीक्षक एक ऐतिहासिक साधन वाया घालवतात.

वेष्टनावरील छायाचित्रच पाहा. वाद्ये आणि अवजारे ओळीने मांडलेली. पिंक फ्लॉइडच्या ‘उम्मागुम्मा’ची ही थट्टा, हे सर्वश्रुत आहे, पण मागे दिसते ते १९३६ चे ऑलिम्पिक स्टेडियम! नाझी राजवटीचे ते दगडी बांधकाम महायुद्धातूनही बव्हंशी तगले. अमेरिकेने स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून दिलेला १९५७ चा काँग्रेसहॉल मात्र तेवीस वर्षांत ढासळला. आख्यायिकेपेक्षा हा विरोधाभास कितीतरी बोचरा आहे.