घरगुती बिअर : हौस आणि कायदा

शहरांतून शिकून आलेलीं आमचीं मुलें हल्लीं घरीं बिअर करण्याची हौस बोलून दाखवितात. विलायतेंत या हौसेवरील परवान्याचें बंधन १९६३ सालीं उठलें. अमेरिकेंत १९७८ सालच्या केंद्रीय कायद्यानें एकट्या प्रौढास वर्षाला १०० व दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करतां येते. विक्री मात्र वर्ज्य. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून एक घागर केली तरी गुन्हाच. घरापुरतें करणारास अशीच मोजून सूट असावी, असें आमचें मत आहे. परंतु ती मिळेपर्यंत कायदा मोडावा असें आम्ही म्हणणार नाहीं. पंचनाम्यांत हौसेचा रकाना नसतो.

तोंवर नवशिक्यानें काय करावें? बिअरचा अर्धा हुन्नर धान्यास मोड आणण्यांत आहे. जव भिजवून मोड येतांच वाळविले म्हणजे त्यांत पिष्टाची साखर करणारें द्रव्य तयार असतें; ऊन पाण्यांत ती साखर उतरते व पुढें यीस्ट तिचा मद्यार्क करतें. नाचणीचें सत्त्व करणाऱ्या आमच्या गृहिणी यांतील पहिला भाग जाणतातच. तो त्यांजपासून नीट शिकावा, भांडीं निर्मळ राखण्याची शिस्त अंगीं बाणवावी, आणि उरलेल्या भागासाठीं सरकारकडे रीतसर अर्ज करावा.