खाणी संघटनेने बुडवल्या?

१९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपाचा दाखला देऊन सर्रास सांगितले जाते की, दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणी कामगार संघटनेच्या हट्टापायी बुडाल्या. कालक्रम या विधानाला साथ देत नाही. १९५७ नंतर स्वस्त तेलापुढे कोळशाची मागणी ओसरली आणि ब्रिटनमध्ये शेकडो खाणी बंद झाल्या, त्यातल्या कित्येक तर मजूर पक्षाच्या राजवटीत. १९२६ पासून १९७२ पर्यंत खाण कामगारांनी देशव्यापी संप केलाच नव्हता. संघटना गप्प राहिली तेव्हाही खाणी गेल्या, मग खापर तिच्या लढ्यावर का?

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: कामगारांचे रक्षण कायद्याने केले, संघटनेने नव्हे. याला दक्षिण वेल्समधल्या सेंगेनिडची युनिव्हर्सल खाण उत्तर देते. तिथे १९०१ च्या स्फोटात ८१ माणसे मेली होती. पुढे १९११ च्या कायद्याने खाणीतल्या हवेचा प्रवाह उलटवता येईल अशी पंख्यांची सोय बंधनकारक केली, मुदत वाढवूनही दिली. सोय झाली नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि ४३९ खाण कामगार दगावले. व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड! कायदा कागदावर होताच. तो पाळायला लावणारे बळ खाणीच्या तोंडाशी उभे असावे लागते, आणि मालकाच्या मर्जीवर पोट असलेला एकटा कामगार ते आणणार कुठून? मजुरीचेही तेच. ती कोळशाच्या भावाला बांधलेली असे. भाव पडला की मजुरी कापली जाई. त्याविरुद्ध १८९८ मध्ये सहा महिन्यांची टाळेबंदी सोसून कामगार हरले, आणि त्या पराभवातूनच साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन उभे राहिले.

१९८४ मध्ये संघटनेने संपासाठी देशव्यापी मतदान घेतले नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्या चुकीने संघटनेत फूट पडली आणि सरकारला आयते हत्यार मिळाले. पण त्यावरून कामगार फरफटत नेले गेले असे ठरत नाही. दक्षिण वेल्समधल्या बहुतेक शाखांचा कौल सुरुवातीला संपाविरुद्ध होता, तरी एकदा उतरल्यावर वर्षभर सर्वांत घट्ट टिकला तो हाच प्रदेश. आणि ‘तोट्यातल्या खाणी’ हा हिशेब तरी कितपत खरा? हिरवाऊनजवळची टॉवर खाण सरकारी कंपनीने १९९४ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केली. संघटनेचे स्थानिक नेते टायरोन ओ'सलिव्हन यांच्या पुढाकाराने २३९ कामगारांनी नुकसानभरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड घालून ती विकत घेतली. १९९५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालेली ही खाण २००८ पर्यंत, आवाक्यातला कोळसा संपेपर्यंत चालली.