पट्टा कॅमेऱ्याचा, मान आपली

आठवडाभर चाकणला शिफ्ट आणि सुट्टीच्या दिवशी निकाह-वलीम्याचे फोटो, अशा दोन कामांवर घराला हातभार लावणारे तरुण पिंपरी-चिंचवडमध्ये आता नवे राहिलेले नाहीत. काळेवाडी, दापोडी, चिखली, भोसरी, कुठेही विचारा. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो, मोठी लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेली असते आणि डिपॉझिट अब्बांकडून उसने घेतलेले असते. या मुलांचे प्रश्न ठरलेले: बॉडी कोणती घ्यावी, लेन्स कोणती घ्यावी. पट्ट्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण तो खोक्यात फुकट आलेला असतो. या महिन्यात आम्ही मुद्दाम त्या फुकटच्या वस्तूवरच लिहीत आहोत. बारा-बारा तास अंगावर राहते ती तीच, आणि भाड्याची लेन्स ज्याच्या भरवशावर लोंबते तोही तोच.

आधी वजन पाहू. अनेकांचा पहिला कॅमेरा कॅनन १५००डी. बॅटरी आणि कार्डासह तो सुमारे ४७५ ग्रॅम भरतो, सोबतची १८-५५ लेन्स साधारण २०० ग्रॅम. दोन्ही मिळून पाऊण किलोही होत नाही. एवढ्या वजनाला खोक्यातला पट्टा पुरतो. त्यावर पैसे घालवू नका. पण काम वाढते तशी सामग्री बदलते. फाइव्ह-डी मार्क फोर बॅटरी-कार्डासह ८९० ग्रॅम, त्यावर ७०-२०० एफ २.८ची दुसऱ्या पिढीची लेन्स १४९० ग्रॅम, डोक्यावर फ्लॅश आणि फ्लॅशच्या पोटात चार सेल. आपण अडीच किलोच्या बरेच पुढे गेलो. आता हे सगळे मेहंदीपासून रुखसतीपर्यंत गळ्यात अडकवा.

माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते आणि मानेच्या सात मणक्यांना तेवढे पुरेसे काम आहे. समोरून लोंबणारे वजन मान पुढे ओढते आणि ती ओढ सावरायला मानेच्या मागचे व खांद्याचे स्नायू सतत ताठ राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर उभे राहायचे असते तेव्हा हा ताण जाणवतो. यावर बहुतेक जण रुंद, गादीचा पट्टा घेतात. एक इंचाऐवजी दोन इंची पट्टी घेतली तर टेकायची जागा दुप्पट होते, कातडीवरचा दाब निम्मा होतो, पट्टी रुतत नाही. एवढे खरे. पण मानेवरची ओढ तेवढीच राहते. गादीने वजन कमी होत नाही, फक्त टोचणे कमी होते. जड कॅमेरा असेल तर वजन मानेवरून उचलून खांद्यावर किंवा कमरेवर न्यायला हवे.

एक सावधगिरी ताणल्या जाणाऱ्या, रबरासारख्या निओप्रीनच्या पट्ट्यांबाबत. दुकानात उभे राहून गळ्यात घातले की कॅमेरा एकदम हलका वाटतो आणि दुकानदारही तेवढेच दाखवतो. चालायला लागा, कॅमेरा वरखाली हिंदकळायला लागतो. हलक्या कॅमेऱ्याला तो ठीक आहे. जड लेन्स लावून दुल्ह्याच्या वरातीमागे धावायचे असेल तर आम्ही तो घेणार नाही.

खांद्यावरून तिरका येणारा पट्टा हा जड कॅमेऱ्याचा चांगला उपाय आहे. कॅमेरा कमरेच्या हाडाशी टेकतो, मान मोकळी राहते, फोटोच्या वेळी पट्टीवरून सरकत वर येतो. मात्र यातले बरेच पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने अडकतात. हा स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आटे असलेला. कंपनाने बोल्ट ढिला होतो, हे असेंब्ली लाईनवर टॉर्क रेंच फिरवणाऱ्या मुलाला आम्ही काय सांगणार? तरी तोच मुलगा लग्नाच्या हॉलमध्ये हा स्क्रू सकाळी एकदा पिळतो आणि रात्रीपर्यंत त्याकडे पाहत नाही. दर चालीला कॅमेरा झुलतो आणि प्रत्येक झोक्याला स्क्रूवर थोडा पीळ बसतो. स्क्रूखाली रबरी वॉशर असावा, दर तासाला बोटाने घट्टपणा पाहावा आणि मुख्य म्हणजे बॉडीच्या कानाला एक छोटी जोडदोरी वेगळी बांधावी. स्क्रू निघालाच तर कॅमेरा या दोरीवर लोंबेल, फरशीवर जाणार नाही. कारखान्यात बोल्टाला लावतात ते चिकट द्रव मात्र इथे वापरू नका. काढताना बॉडीचे आटेच जायचे. आणि मोठ्या लेन्सला स्वतःचा पाय असेल तर पट्टा त्या पायाला अडकवा. लेन्स जड आणि बॉडी हलकी असताना बॉडीला लटकवले की सगळा भार दोघांच्या जोडावर येतो.

पट्टी तुटून कॅमेरा पडणे तसे क्वचितच. सुटतो तो जोड. गाडीचा सीटबेल्ट पाहा. तो पॉलिएस्टरचा, साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद, घट्ट विणीचा असतो. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या तो रोज नजरेखालून जातो. त्याची शिवण नीट पाहिलीत तर कळेल की खरी मेहनत तिथे घेतलेली असते: टाक्यांच्या ओळीवर ओळी, जाड दोरा, एकही सुटे टोक नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्यातही आधी हेच पाहावे. पट्टी जिथे दुमडून शिवली आहे तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण असेल तर उत्तम. एकच सरळ टीप असेल तर ठेवून द्या. पट्टीचे कापलेले टोक वितळवून बंद केलेले असावे, नाहीतर धागे निघतात. कडी साखळीच्या हुकासारखी नुसत्या स्प्रिंगवर असेल तर दाबली गेली की उघडते. फिरवून बंद होणारी घ्या. किल्ल्यांच्या जुडग्यातली रिंग कॅमेऱ्याला लावलेली आम्ही पुष्कळदा पाहतो. ती वाकते, आणि वाकलेली असतानाही चांगलीच दिसते.

पिंपरी कॅम्पात किंवा तुमच्या गल्लीत बॅगा शिवणारा चांगला कारागीर असेल तर पट्टा त्याच्याकडून करून घेण्यात काही कमीपणा नाही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची पट्टी घ्या आणि दोराही तसाच सांगा. सुती पट्टी, खाटेच्या नवारीसारखी, अंगाला मऊ लागते, पण घाम आणि पाऊस पिते आणि लवकर वाळत नाही. चामडे दिसायला देखणे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवले की त्यावर बुरशी येते.

खोक्यातलाच पट्टा वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पट्टीचे टोक कॅमेऱ्याच्या कानातून आणून बकलात घालताना बाहेर लोंबत ठेवू नका, आतल्या बाजूने परत बकलातून घ्या. टोक दोन बोटे तरी शिल्लक राहू द्या. ओढून पाहा. सरकले तर पुन्हा घाला.

लांबी जागेप्रमाणे बदलावी लागते, हे कोणी सांगत नाही. निकाह मशिदीत असेल तर जोडे काढून खाली बसायचे असते. कमरेशी टेकणारा कॅमेरा बसताना आधी फरशीला लागतो, कडक आवाज होतो, आणि काझीसाहेबांसकट सगळे मागे वळून पाहतात. आत जाण्यापूर्वी पट्टा आखडून कॅमेरा छातीशी घ्या, बाहेर आल्यावर सोडा. म्हणून एका हाताने ओढून कमी-जास्त होणारा पट्टा आमच्या कामाला सर्वांत सोयीचा.

आता मुलींविषयी, आणि इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाईच हवी, अशी मागणी आपल्या लग्नांत नेहमीची आहे. त्यामुळे हे काम मुलींकडे येते आणि त्यात चांगली कमाई आहे. पण बाजारातले बहुतेक पट्टे पुरुषांच्या अंगाच्या हिशेबाने बेतलेले दिसतात. तिरका पट्टा छातीवरून जातो तेव्हा अवघडतो, ओढणी ओढून नेतो. गळ्यातला पट्टा हिजाबवर बसला की मागची पिन खेचली जाते, आणि निदाच्या बुरख्यावरून तर नायलॉन पाण्यासारखा सरकतो. मग बिचारी एका हाताने ओढणी सावरते, दुसऱ्याने कॅमेरा. फोटो काढणार कोणत्या हाताने?

उपाय आहेत. कॅमेरा लेन्ससह किलोच्या आत असेल तर गळ्यात काही नको, मनगटाचा पट्टा घ्या. मनगटाशी सरकून आवळला जाणारा, म्हणजे हात सुटला तरी कॅमेरा सुटत नाही. किलोच्या पुढे मात्र मनगट दुखू लागते. तिथे कमरपट्टा चांगला: रुंद पट्ट्याला एका बाजूला खाच असते, तीत कॅमेरा अडकतो आणि वजन कमरेच्या हाडांवर जाते. तो कुर्त्यावर आणि ओढणीच्या आत बांधता येतो. खांद्याचा पट्टाच हवा असेल तर पट्टी आधी, ओढणी नंतर, असा क्रम ठेवा आणि गादीची आतली बाजू खरबरीत रबराची घ्या. बकल जरीत अडकणार नाही असे बघा. दुल्हनचा पदर सारखा करायला वाकलात आणि बकल तिच्या कामदार ओढणीत गुंतले तर सोडवायला अर्धी मेहंदी जाते. उंची कमी असेल तर पट्टा जास्तीत जास्त किती लांब होतो हे पाहूच नका, कमीत कमी किती आखूड होतो ते पाहा. पाच फुटांच्या मुलीला पुष्कळ पट्टे शेवटपर्यंत आखडूनही मांडीवर येतात.

घरातून कुरकुर होते की मुलीच्या जातीला हे जड काम कशाला. होमाई व्यारावाला साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर फिरून वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होत्या आणि तेव्हाचे कॅमेरे आजच्यापेक्षा कमी जड नव्हते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. वजन पेलता येते, ते कुठे घ्यायचे हे कळले पाहिजे.

लग्नाचा हंगाम नसतो तेव्हा भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपचे काम मिळते. मालकाला आपल्या सुट्या भागांचे, मशिनांचे फोटो कॅटलॉगसाठी हवे असतात. इथे पट्ट्याचा प्रश्न मानदुखीचा राहत नाही. फिरत्या चकजवळ वाकलेल्या माणसाच्या गळ्यात लोंबणारी पट्टी म्हणजे काय, ते लेथवर काम केलेल्याला माहीत आहे. मिनिटाला हजार फेरे म्हणजे सेकंदाला सोळाहून अधिक. पट्टी गुंडाळली जायला लागली की हात वर करायलाही वेळ मिळत नाही, आणि वर आपण चांगल्या पट्ट्याची खूण म्हणून तो न तुटणारा घेतलेला असतो. १९४८च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राशी काम करणाऱ्याने अंगासरशी कपडे घालावेत अशी अट घातली गेली ती याच कारणाने. कामगाराला सैल बाही चालत नाही, तर फोटोग्राफरला दीड मीटरची पट्टी कशी चालेल? वर्कशॉपमध्ये शिरण्यापूर्वी पट्टा पूर्ण काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि जवळचा फोटो हवा असेल तर मशीन बंद करायला सांगा. मालक घाईत असेल, प्रॉडक्शन थांबते म्हणून कटकट करेल. करू द्या. म्हणूनच झटकन निघणाऱ्या जोडाचा पट्टा घ्यायचा. कारखान्याच्या चांगल्या ओळखपत्राच्या दोरीला मानेमागे ओढताच सुटणारा जोड असतो. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला तो नसतो, हे लक्षात असू द्या.

गर्दीचे याच्या उलट. देहूहून तुकोबांची पालखी निघते, अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी पहिला विसावा घेते आणि पुढे आकुर्डीला मुक्कामी येते. ते फोटो काढायला आपली मुलेही जातात. त्या रेट्यात आखूड तिरका पट्टा, कॅमेरा पोटाशी आणि एक हात त्यावर. लांब सोडलेला कॅमेरा मागच्याच्या हाताशी लागतो. पट्ट्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असेल तर ती बाजू आत वळवा.

घरी येताना, कितीही उशीर झाला तरी, दुचाकीवर कॅमेरा अंगावर लटकवून बसू नका. मोशी-कुरुळीच्या रस्त्यावर एक खड्डा आणि अडीच किलो टाकीवर आपटतात. मागे बसणाऱ्याची लोंबती पट्टी चाकाकडे जाते ती वेगळीच, जशी ओढणी जाते. कॅमेरा बॅगेत, पट्टा गुंडाळून आत. घरीही टेबलाच्या कडेवरून पट्टी खाली लोंबू देऊ नका. रांगणाऱ्या मुलाला ती ओढायलाच ठेवली आहे असे वाटते.

घामाने कडक झालेला पट्टा काढून साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. वाळला की दोन्ही टोके दुमडून शिवण पाहा, बकलाला चीर गेली आहे का ते बोटाने चाचपा. धागा सुटलेला दिसला तर पट्टा बदला, आणि जुना टाकताना कात्रीने मधोमध कापून टाका. अख्खा राहिला तर घरातले कोणीतरी उचलून ठेवते आणि पुढच्या लग्नाला तोच कॅमेऱ्याला लावलेला असतो.