बालीला जाताय? मग मुखवट्यांसाठी एवढं करा

बालीला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये काय असणार, हे आता न बघता सांगता येतं. भातखाचरांवरचा उंच झोका, तनाह लोटचं समुद्रातलं देऊळ, हॉटेलातला पोहायचा तलाव. आणि एक फोटो हमखास असतो. डोळे वटारलेला, सुळे बाहेर आलेला, लांबलचक जीभ लोंबणारा लाकडी मुखवटा तोंडापुढे धरून हसत उभे असलेले काका, नाहीतर मावशी. तो मुखवटा रांगदा या चेटकिणीचा. गावच्या देवळात तिचा खरा मुखवटा पांढऱ्या कापडात झाकून ठेवतात, नैवेद्य दाखवल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, आणि तो चढवणाऱ्याला आधी पुजाऱ्याकडून पवित्र पाणी घ्यावं लागतं. बाजारातला मुखवटा म्हणजे देवळातला नव्हे, हे कबूल. पण आपल्याकडच्या देवीचा मुखवटा कुणी परदेशी पाहुण्याने असा गंमत म्हणून नाकावर धरला असता, तर आपण काय म्हटलं असतं, तेवढा विचार करून बघा.

हे आपणच का मनावर घ्यायचं, असं कुणी विचारेल. २०२३ साली बालीत आलेल्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियाखालोखाल भारतीय होते. दुकानात कोणता माल मांडायचा, हॉटेलच्या अंगणात किती मिनिटांचा नाच ठेवायचा, हे ठरवणाऱ्या गिऱ्हाइकांत आपला नंबर वरचा आहे. शिवाय बालीहून आलेला प्रत्येक जण सांगतो, ‘अहो, तिथे अजून आपला हिंदू धर्म आहे, रामायण आहे!’ सांगताना ऊर भरून येतो. ऊर भरून यायला पैसे पडत नाहीत. त्या रामायणातली माकडं आणि राक्षस ज्या मुखवट्यांतून बोलतात, ते कोण घडवतं आणि कशापासून, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते सातविणीपासून घडतात. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पावसाळा सरला की जिच्या उग्र वासाने काहींची डोकी उठतात आणि झाड तोडा म्हणून अर्ज जातात, तीच सातवीण. बालीत तिला पुले म्हणतात. तिथे ती देवळांच्या आवारात आणि स्मशानापाशी वाढते, आणि तिच्यात आत्म्यांची वस्ती असते अशी लोकांची समजूत आहे. देवळासाठी मुखवटा करायचा तर चांगला दिवस पाहून, झाडाला नैवेद्य दाखवून, परवानगी मागून खोडाचा तेवढाच तुकडा काढतात. झाड आडवं करत नाहीत. लाकूड फिकट, मऊ आणि वजनाला हलकं असतं. तासभर तोंडावर बांधून नाचायचं, तर हे हलकेपण फार मोलाचं.

गिआन्यार भागातली मास आणि सिंगापादू ही गावं या कामासाठी नावाजलेली. सिंगापादूचे इ वायन तांगुह किंवा मासचे इडा बागुस आनोम ही नावं जगभरातल्या मुखवट्यांच्या नाटकवाल्यांना ठाऊक आहेत. कारागीर जमिनीवर पाय पसरून बसतो. लाकूड दोन्ही पायांच्या तळव्यांत घट्ट धरतो, म्हणजे छिन्नी आणि हातोडा चालवायला दोन्ही हात मोकळे. पाय थोडे फिरले की लाकूड फिरतं. कोरून झालं की रंगाचं काम सुरू होतं, आणि खरी परीक्षा तिथेच. जुन्या रीतीचा पांढरा रंग हाड किंवा शिंग जाळून, त्याची वस्त्रगाळ पूड करून बनतो. काळा दिव्याच्या काजळीचा, लाल चिनी हिंगुळाचा. हे रंग माशाच्या सरसात खलायचे, पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, परत हात द्यायचा. असे कितीतरी डझन हात. यात आठवडेच्या आठवडे जातात. अ‍ॅक्रिलिकने हेच काम दोन दिवसांत उरकतं, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो रात्री, अंगणात, दिव्याच्या उजेडात. हाडाचा पांढरा रंग उजेड आत घेतो, आणि नर्तकाने मान किंचित कलती केली की तो चेहरा हसतो. अ‍ॅक्रिलिक नुसतं चमकतं.

एवढं करूनही मुखवटा अजून लाकूडच असतो. पासुपती नावाचा विधी झाला की त्यात जीव आला असं मानतात. त्यानंतर दर २१० दिवसांनी, तुंपेक वायांगच्या दिवशी, बालीत मुखवट्यांना आणि छायाबाहुल्यांना नैवेद्य दाखवतात.

आता हा मुखवटा काय करतो ते पाहू. बालीच्या मुखवट्यांच्या नाट्याला तोपेंग म्हणतात. त्यातल्या तोपेंग पाजेगान या प्रकारात एकच नट सगळी सोंगं वठवतो. मुखवट्यांच्या टोपलीवर पाणी शिंपडून, हात जोडून तो पडद्याआड बसतो. पडदा हलू लागला की ढोलकीवाला सावध होतो, कारण पुढचा सगळा वेळ वाद्यांना नटाच्या खांद्यांकडे बघून वाजवायचं असतं. आधी येतो दणकट प्रधान. मग म्हातारा. हा प्रवेश मला सगळ्यांत आवडतो. म्हातारा लटपटतो, डोळे पुसतो, अंगावरची ऊ वेचतो, मधेच तरुणपणीची एक गिरकी मारायला जातो आणि दम लागून थांबतो. मुखवटा तोच, लाकडाचाच, पण बघणाऱ्याला वाटतं की याला आत्ता धाप लागली. राजाचा मुखवटा पूर्ण तोंड झाकणारा, म्हणून राजा बोलत नाही. त्याच्या वतीने बोलतो अर्ध्या मुखवट्याचा सेवक, पनासार. राजाची जुनी कावी भाषा तो लोकांच्या बाली भाषेत उलगडतो, आणि जाता जाता गावच्या कारभारावरही तोंडसुख घेतो. मग तिरळ्या, फेंगड्या, बोबड्या गावकऱ्यांचे मुखवटे येतात, त्यांना बोंद्रेस म्हणतात. इथे हसून हसून पुरेवाट होते.

आणि शेवटी सिदाकार्य. पांढरा चेहरा, पुढे आलेले दात, विस्कटलेले केस. कथा अशी की बेसाकिहच्या देवळातल्या मोठ्या यज्ञाला जावातून एक मळकट ब्राह्मण आला आणि आपण राजा वातुरेंगोंगचे बंधू आहोत म्हणाला. त्याला हाकलून दिलं. त्याने शाप दिला, पिकं वाळली, कीड पडली, यज्ञ अडला. राजाने त्याला सन्मानाने परत बोलावलं तेव्हा कुठे यज्ञ पार पडला. तेव्हापासून मोठा विधी त्याच्याशिवाय पुरा मानत नाहीत. देनपसारमध्ये त्याच्या नावाचं देऊळ आहे. नाचाच्या अखेरीला सिदाकार्य पिवळे तांदूळ आणि नाणी दिशादिशांना उधळतो, पोरं किंचाळत पळतात, त्यातलं एखादं तो पकडतो आणि त्याच्या हातावर पैसे ठेवतो. ज्याला दारातून हाकललं त्याच्याच हातून कार्य सिद्धीला न्यायचं, ही गोष्ट विधीत पेरून ठेवणारा समाज शहाणा म्हटला पाहिजे.

तोपेंग उद्या मरणार आहे असा गळा मी काढणार नाही. देवळं आहेत तोवर सिदाकार्य लागणारच. बालीचे लोकही झोपलेले नाहीत. देवापुढचं काय आणि पाहुण्यांपुढचं काय, याची विभागणी त्यांनी १९७१ च्या परिसंवादातच केली. युनेस्कोने २०१५ मध्ये बालीच्या तीन प्रकारच्या नृत्यांना मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं, त्यात तोपेंग सिदाकार्यही आहे. पवित्र नाच बाजारात उतरवू नयेत म्हणून २०१९ मध्ये राज्यपालांनी आणि तिथल्या धर्म-संस्कृतीच्या संस्थांनी मिळून हुकूम काढला.

धोका आहे तो आतून पोकळ होण्याचा. हॉटेलातल्या जेवणाला पंधरा मिनिटांचा नाच पुरतो, म्हणून म्हाताऱ्याचा प्रवेश गळतो. बोंद्रेस टीव्हीवर लोकप्रिय झाले आणि नाटकापासून सुटून निव्वळ विनोद झाले. कावी जाणणारा पनासार तयार व्हायला वर्षं लागतात, आणि समोर ती भाषा समजणारे कमी होत चाललेत. पुलेचं चांगलं लाकूड दुर्मिळ होतंय. डझनाच्या भावात सजावटीचे मुखवटे विकून घर चालतं, तर हाड जाळत कोण बसेल? आणि कारागिराच्या मुलाने व्हिलात नोकरी धरली तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

म्हणून सांगणं तुम्हालाच आहे. सुकावतीच्या बाजारात घासाघीस करून पाच मुखवटे घेण्याऐवजी मासला किंवा सिंगापादूला जा आणि एकच घ्या. लाकूड कुठलं, रंग कसला, हे विचारा. गिऱ्हाईक विचारतं म्हटल्यावर कारागीरही जुनी रीत सोडत नाही. त्याने सांगितलेली किंमत द्या, तिथे भाजीबाजारातली कसरत नको. कुणी ‘देवळातला जुना मुखवटा’ म्हणून कानात कुजबुजला तर चालते व्हा. बालीतल्या देवळांत चोऱ्या होतात आणि त्या गिऱ्हाइकाच्या जिवावरच होतात.

सहल काढणाऱ्या मंडळींना विनंती आहे की झोक्याचा एक तास कापा. तुमच्या तारखांना कोणत्या गावात देवळाचा ओदालान म्हणजे वर्धापनाचा उत्सव आहे, ते तिथल्या गाइडला विचारा आणि रात्री लोकांना तिकडे न्या. सारोंग आणि कमरेला पट्टा हवाच. पुजाऱ्यापेक्षा उंचावर उभं राहायचं नाही, नटाच्या अंगावर फ्लॅश मारायचा नाही. मुलांना कथा आधी सांगून ठेवा, म्हणजे सिदाकार्य आला की ती घाबरतीलही आणि थांबतीलही.

नाटकवाल्यांसाठी तर हे सोनं आहे. जव्हार-मोखाड्याचा मुखवट्यांचा बोहाडा पाहिलेल्या नटाला मुखवटा चढल्यावर अंगाचं काय होतं हे सांगायला नको. बाहेरचा माणूस काय करू शकतो, याचा दाखलाही समोर आहे. क्रिस्टिना फॉर्माजा ही इटालियन बाई बतुआन गावात इ माडे जिमात यांच्याकडे तोपेंग शिकली, बालीतच राहिली, १९९०च्या दशकात गांबुह हे जुनं नृत्यनाट्य सावरायला गावाला मदत केली, आणि निव्वळ बायकांचं तोपेंग शक्ती हे पथकही उभं केलं. २००८ मध्ये ती गेली, पण बायका तोपेंग करतात हे आता नवल राहिलेलं नाही. आपल्या नाट्यशाखांतून वर्षाला एक विद्यार्थी तरी देनपसारच्या कलासंस्थेत किंवा एखाद्या गुरूच्या अंगणात शिकायला जावा, एवढी मागणी जास्त नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून बालीत उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून संस्कृती आणि निसर्गाच्या रक्षणासाठी दीड लाख रुपिया घेतात. आपल्या पैशांत हजाराच्या आत. हा कर भरलात म्हणजे कर्तव्य संपलं असं समजू नका. चांगला मुखवटा व्हायला महिना-दोन महिने लागतात आणि तुमची सहल असते पाच-सहा दिवसांची. तेव्हा विमानाचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात मासच्या एखाद्या कारागिराला कळवा, थोडे पैसे आगाऊ पाठवा, आणि तिथे गेलात की स्वतः जाऊन मुखवटा घेऊन या.