संगणक अडला म्हणजे हेर शिरला असे नव्हे

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक लघुउद्योग आहेत. अशा उद्योगाची हिशेबवही, जीएसटी आणि ई-वे बिल एखाद्या संगणकावर अवलंबून असते. सकाळी तो सुरू होताना ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश झळकला, की माल दारातच अडकतो आणि ‘स्पायवेअर शिरले’ असा निर्णय लगेच दिला जातो. या घाईनेच मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान होते. हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामचे यश लपून राहण्यात असते. संगणक बंद पाडून तो स्वतःकडे लक्ष कशाला वेधेल? त्या संदेशाचे कारण अनेकदा साधे असते. एखादा प्रोग्राम किंवा अँटिव्हायरसने पकडलेली फाइल काढली जाते, पण ती सुरू करण्याची नोंद विंडोजमध्ये तशीच राहते.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटचा तो परिणाम होता. उपायही सोपा होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची. हजारो ठिकाणी तो हातानेच करावा लागला.

खरे स्पायवेअरही असतेच, मग संशय का घेऊ नये, असा आक्षेप रास्त आहे. संशय जरूर घ्यावा, पण लक्षणावरून निकाल देऊ नये. पेगॅसस या स्पायवेअरच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. त्यांतल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांची ही गत, तर पडद्यावरच्या एका ओळीवरून आपण काय ठरवणार? ‘थेट फॉरमॅट मारा’ हा सल्लाही पुरेसा नाही. त्याने माहिती आणि पुरावा दोन्ही जातात, चोरीला गेलेला पासवर्ड मात्र चोराकडेच राहतो.

स्पायवेअरच्या याच भीतीवर एक धंदा उभा आहे. मानेसर ज्या गुरुग्राम जिल्ह्यात येते, तिथे तांत्रिक मदतीच्या नावाने परदेशी नागरिकांना लुबाडणारी बनावट कॉल सेंटरे पोलिसांनी वारंवार उघडकीस आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यामागच्या काही तक्रारी मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या होत्या. विंडोजच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो, एवढे ठाऊक असले तरी अनेकजण वाचतील.

म्हणून क्रम पाळा. आधी इंटरनेट तोडा, संदेशाचा फोटो घ्या, सेफ मोडमध्ये आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदी तपासा आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. मग सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरा. संशय पक्का झाला, तर दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. पडद्यावर दिसणाऱ्या नंबरला मात्र कधीही फोन करू नका.