शहर स्वस्त, म्हणून माणूसही स्वस्त?

‘पुण्यात खर्च जास्त म्हणून पगार जास्त. आपल्याकडं स्वस्ताई आहे ना!’ घरातलं कुणी वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेला माणूस पगाराचा विषय काढतो, तेव्हा त्याला हेच ऐकवलं जातं. ऐकायला पटतंही. पण एकदा हिशेब मांडून बघू या.

आपल्या शहरात नेमकं काय स्वस्त आहे? घरभाडं, हे मान्य. बाकी काय? पेट्रोल पुण्यापेक्षा स्वस्त नाही. औषधाच्या पाकिटावरची छापील किंमत देशभर सारखीच. मोबाइलचा रिचार्जही तोच. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टँकर आणि जारचा खर्च वेगळा. आणि मुलगा किंवा मुलगी पुण्यात शिकायला गेली, की तिथल्या खोलीचं भाडं बाप इथल्या पगारातून भरतो. म्हणजे स्वस्ताईचा एकमेव फायदाही गेला.

मग शहरानुसार पगारात फरक नकोच का? असावा, पण किती आणि कशात, हे ठरवायला हवं. याचं एक उदाहरण सरकारी नोकरीत आहे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता पुण्यात नि आपल्याकडं सारखाच असतो. बदलतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. पुणे ‘एक्स’ वर्गात आणि आपलं शहर ‘वाय’ वर्गात येतं. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून ‘एक्स’ला मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि ‘वाय’ला २० टक्के घरभाडे भत्ता आहे. मूळ वेतन ५०,००० असेल तर तिकडं १५,००० आणि इकडं १०,०००. प्रवास भत्त्यातही थोडा फरक आहे. पण शहर लहान म्हणून कामाची किंमत कमी केलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की खासगी कंपन्यांनीही हाच नियम लावावा. काम सारखं तर मूळ पगार सारखा. शहराचा फरक घरभाड्यात दाखवा आणि पगाराच्या स्लिपवर वेगळा लिहा. ‘छोटं शहर’ म्हणून आख्खा पगारच कापायचा, हे बरोबर नाही.

सीनियर माणसाला हा काप सगळ्यात जास्त बसतो. कारण मूळ पगार कमी राहिला, की पीएफ कमी, रजेचे पैसे कमी आणि ग्रॅच्युइटीही कमी. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तीस वर्षं झालेल्या माणसाची ही रक्कम १८,००० असेल, तर ग्रॅच्युइटी साधारण ३ लाख ११ हजार. तीच ३०,००० असेल तर ५ लाख १९ हजार. उरलेला पगार ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये टाकून दोन लाखांचा फरक पाडता येत होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत यावर बंधन आलंय. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते.

पेन्शनचं तर विचारूच नका. ईपीएस-९५ योजनेत पेन्शन ठरवताना पगाराची मर्यादा १५,००० आहे, तीही सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधीच्या नोकरीसाठी ती ६,५०० धरली जाते. सगळी नोकरी १५,०००च्या मर्यादेत धरली, तरी ३५ वर्षांनंतर महिन्याला ७,५०० निघतात. किमान पेन्शन १,००० रुपये. ती ७,५०० करा, अशी मागणी घेऊन बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनधारकांचं आंदोलन कित्येक वर्षं चाललंय. सूत्र केंद्राच्या हातात आहे, हे खरं. पण म्हणूनच नोकरीत असताना मिळणारा पगार आणि पीएफ नीट असणं जास्त गरजेचं ठरतं.

तिसरी गोष्ट दवाखान्याची. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे. पगार त्याच्या वर गेला, की काही महिन्यांत माणूस योजनेतून बाहेर. पगारवाढ हजाराची आणि पन्नाशीत, नेमकी बीपी-शुगर सुरू होते तेव्हा, उपचाराची सोय बंद! अशा वेळी कंपनीनं त्याच महिन्यात, नवरा-बायको दोघांचा, ग्रुप विमा काढावा. सीनियर माणसासाठी हा ‘बेनिफिट’ दिवाळीच्या मिठाईपेक्षा लाखपट मोलाचा आहे.

लहान व्हेंडरचे मालक म्हणतील, मोठी कंपनी आम्हाला भाव वाढवून देत नाही, आम्ही कुठून देणार? त्यांची अडचण खोटी नाही. सगळ्यांना उद्यापासून पुण्याचा पगार द्या, असं कुणी म्हणत नाहीये. पण जी मशीन नेमकी कुठं अडते हे त्या जुन्या माणसालाच कळतं, त्याच्या अनुभवाचे पैसे मूळ पगारात दिसायला हवेत. देता येत नसेल तर ‘परवडत नाही’ असं सांगा. ‘शहर स्वस्त आहे’ असं सांगू नका.

आता यात तुमचा काय संबंध? सरळ आहे. ‘एका सीनियरच्या पगारात दोन नवी पोरं येतात,’ या हिशेबातली ती दोन पोरं म्हणजे आपण. आपली पहिली नोकरी कुणाच्या तरी बाबांना घरी बसवून मिळणार असेल, तर विसाव्या वर्षी आपल्यालाही तोच हिशेब दाखवला जाईल. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिकमध्ये टोयोटा किर्लोस्कर, एथरसारख्या कंपन्यांचे प्रकल्प जाहीर झालेत. किती नोकऱ्या येणार, हे सगळे विचारतायत. मूळ पगार किती असणार, हेही विचारायला हवं. कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या कंपनीला बिनधास्त विचारा: ‘सीटीसीमधलं बेसिक किती? पुण्याच्या प्लांटला याच कामाला किती?’

आणि आज घरी गेल्यावर बाबांची किंवा आईची सॅलरी स्लिप मागून बघा. बेसिक किती, पीएफ कशावर कापला जातो, विमा आहे का, पीएफला नॉमिनी कोण? त्यांना पासबुक ऑनलाइन बघता येत नसेल, तर तुम्ही उघडून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.