दोन बोटं माया

शिवणकामात ‘माया’ म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं, उंची वाढली की टीप उसवायची, माया सोडायची आणि पुन्हा टीप मारायची. तोच झगा आणखी एक वर्ष चालतो. तयार कपड्यांवर वाढलेल्या तुमच्या पिढीने हा शब्द या अर्थाने ऐकला नसेल. हल्लीचा कुर्ता उलटा करून पाहा, ओव्हरलॉकच्या टिपेखाली अर्धं पेर कापडही सापडत नाही.

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आमची माय हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरायची. “पोरगी वाढती आहे, दोन बोटं माया ठेव.” माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. मुलं, सुना, नातवंडं, भाडेकरू, सगळे तिला मायच म्हणत. माहेर रावेरचं. सासर-माहेरात आगगाडीचा थोडासाच प्रवास, पण तिच्या लग्नाच्या वेळी रावेर मुंबई इलाख्यात आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांतात होतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिलं. मायला त्याचं काही नव्हतं. गिऱ्हाइकांशी हिंदी, घरात खानदेशी वळणाची मराठी. मापं मात्र तिने शेवटपर्यंत मराठीतच लिहिली: उंची, छाती, कंबर, बाही, गळा.

आजोबा लालबागच्या ताप्ती मिलमध्ये कामाला होते. साठच्या दशकात ते तापाने गेले तेव्हा मायच्या पदरात चार मुलं, थोरली बारा वर्षांची. मुलांना घेऊन माहेरी जा, असं सासरच्यांनी सुचवलं. तिने कानातलं विकलं आणि एक जुनी उषा पायमशीन घेतली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथल्या शिवणवर्गाने कितीतरी एकट्या बायकांना पायावर उभं केलं. मायने मात्र वर्ग कसा असतो ते पाहिलं नाही. स्वतःचं जुनं पोलकं उसवून, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून ती कटिंग शिकली. पहिली काही पोलकी काखेत ओढत होती म्हणे. गिऱ्हाइकं तरी टिकली, कारण दर कमी होता आणि बायकांना माप द्यायला बाई हवी होती.

वर्षाचं गणित ठरलेलं. जूनमध्ये गणवेश, मग दिवाळी, त्यानंतर लग्नसराई. ईद सरकत सरकत कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात यायची. चांदरात म्हणजे आमच्याकडे जागरणच. पहाटेपर्यंत दाराशी मुली उभ्या, कुणाच्या सलवारीत नाडी घालायची राहिलेली, कुणाच्या बाहीला लेस. सकाळी शीरखुर्म्याचे डबे यायचे आणि मशीनवरच माय झोपलेली असायची.

बऱ्हाणपूर हे कापडाचं गाव. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथल्या तलम मलमलीबद्दल लिहून गेला. ती इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जात असे. आजही गल्लीबोळांत पॉवरलूमची खटखट ऐकू येते. मुमताज महल १६३१ साली इथेच, चौदाव्या बाळंतपणात गेली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. गावातल्या शिवणाऱ्या बायकांबद्दल कोण सांगणार? जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा काकांनी दारातूनच उत्तर दिलं, “आई घरीच असते.” आत मशीन चालू होती. काकांचं शिक्षण त्याच मशीनवर झालेलं.

माय गोड म्हातारी वगैरे नव्हती, हेही सांगायला हवं. पैसे मशीनच्या खणात, किल्ली कमरेला. सुनांना भाजीचे पैसे मोजून मिळत आणि परत आल्यावर हिशेब द्यावा लागे. घरातली लग्नं तिने ठरवली, आणि काहींबद्दल कुणाला विचारलंही नाही. मशीन आली त्याच वर्षी थोरल्या आत्याची शाळा सुटली. काज, बटण, हूक, तुरपाई तिच्या वाट्याला आलं. माझे वडील इंजिनिअर झाले, काका बँकेत लागले, धाकटी आत्या बी.एड. होऊन शिक्षिका झाली. आम्ही नातवंडं जमलो की मायच्या जिद्दीच्या गोष्टी रंगतात, तेव्हा थोरली आत्या उठून चहा ठेवायला जाते.

एकदा मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. ती म्हणाली, “तिने सगळ्यांसाठी माया ठेवली गं. माझ्या वेळेला कापडच पुरलं नाही.” आवाजात राग नव्हता. साखर किती घालू, हेही तिने त्याच आवाजात विचारलं.

नव्वदीला टेकलेली असताना माय गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही काही वर्षं ती नातसुनांचे ब्लाउज उसवून, नावं ठेवत, पुन्हा शिवत होती. मशीन आणि हातातल्या दोन बांगड्या थोरलीला द्यायच्या, असं तिने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, ती होणारच.

खण रिकामा करताना मापांच्या वह्या निघाल्या. अर्ध्या शनवाऱ्याच्या तीन पिढ्यांची मापं त्यांत आहेत. त्यांतली एक वही वेगळी होती. प्रत्येक ओळीला तारीख, पुढे ‘थो.’ आणि आकडा: काज १२, काज ८, हूक ३०. थोरलीने केलेल्या कामाचा हिशेब मायने वर्षानुवर्षं लिहिलेला होता. दिल्याची नोंद एकही नाही. द्यायचे राहिले, की द्यायचे कधी ठरलेच नव्हते, यावर वडिलांचं आणि काकांचं अजून एकमत नाही.

ती वही आत्या घरी घेऊन गेली. मागच्या महिन्यात फोनवर मी विचारलं, “बेरीज केलीस का?”

“दोन पानं राहिलीत,” ती म्हणाली. “मध्येच काजाचा भाव वाढला होता, तो कोणत्या दिवाळीला ते आठवत नाहीये.”